बोंबिलाचा ओलावा कोणी मोजायचा?

मासळीच्या वा मांसाच्या तुकड्यावर टेकवताच त्यातील पाणी, चरबी आणि प्रथिने यांचे प्रमाण काही सेकंदांत सांगणारे, हातात मावणारे वर्णपटमापक यंत्र ही आता प्रयोगशाळेतील नवलाई राहिलेली नाही. युरोप-अमेरिकेतील मांसप्रक्रिया कारखान्यांत अशा प्रकारची उपकरणे सरकत्या पट्ट्यावरील मालावर नजर ठेवून असतात. २०१४ साली एका इस्रायली कंपनीने तर खिशात मावणारे असे यंत्र थेट ग्राहकाला देण्याची घोषणा करून लोकांकडून आगाऊ वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम गोळा केली होती. तिच्या जाहिरातीतला गाजावाजा आणि यंत्राची प्रत्यक्ष कुवत यांत बरेच अंतर निघाले, ही गोष्ट वेगळी. आपल्या किनाऱ्यावरही ही यंत्रे आज ना उद्या येणारच. ती येताना कोणाच्या हाती येतील, याचा विचार श्रमजीवींच्या चळवळीने आधीच करावयास हवा. आणि तो करण्यासाठी मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील पाली या कोळीवाड्याइतके बोलके ठिकाण शोधूनही सापडणार नाही.

ही पाली बल्लाळेश्वराची नव्हे. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, पाली, चौक असे एकमेकांना खेटून असलेले कोळीवाडे आहेत, त्यांपैकी ती एक. वस्ती प्रामुख्याने ख्रिस्ती कोळ्यांची. समुद्रात भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून रोवलेले पिशवीसारखे डोल जाळे हे या किनाऱ्याचे परंपरागत साधन, आणि त्या जाळ्यात येणारा बोंबील हे या किनाऱ्याचे खरे भांडवल. राज्य सरकारने २०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, तो योग्यच आहे. पण उत्तन-पालीच्या घरातली चूल वर्षभर पेटती ठेवतो तो बोंबीलच.

प्रक्रिया उद्योग हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पोलादी टेबले, पांढऱ्या टोप्या आणि शीतगृहे उभी राहतात. पालीची प्रक्रिया उघड्यावर चालते. बांबूच्या वलांड्या उभारायच्या, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यांवर टांगायचे, ऊन आणि वारा यांच्या हवाली करायचे, रात्रीच्या दवाकडे आणि अवकाळी ढगाकडे लक्ष ठेवायचे, आणि कोरडा झाला की उतरवून बांधायचा. हे सारे काम मुख्यत: स्त्रियांचे. त्यांना कोणी कामगार म्हणत नाही, त्यांच्या वलांडीला कोणी कारखाना म्हणत नाही, म्हणून कारखाना कायद्याचे एकही कलम तिथवर पोहोचत नाही. अवकाळी पावसाने वलांडीवरचा माल नासला तर शेतपिकासारखा त्याचा पंचनामा सहजी होत नाही, ही तर कोळी समाजाची जुनीच तक्रार आहे.

आता थोडे गणित पाहू. ताज्या बोंबिलात शंभरात जवळजवळ ८८ ते ९० भाग पाणी असते. एवढा पाणीदार मासा क्वचितच दुसरा असेल. हिशेबापुरते धरा की १०० किलो ताज्या बोंबिलात ८८ किलो पाणी आहे आणि १२ किलो घन पदार्थ. हा माल सोळा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर हाती सव्वाचौदा किलोंच्या आसपास सुका बोंबील येतो. तीस टक्के ओलाव्यावर उतरवला तर सतरा किलोंहून थोडा अधिक. म्हणजे माशाचा कण न वाढता वजनात एक पंचमांशाची वाढ! मात्र असा ओलसर माल गोणीत फार दिवस टिकत नाही. त्याला बुरशी धरते, किडा लागतो. म्हणून व्यापारी ओलाव्याची घट कापतो, आणि ती कापणे तत्त्वत: गैर नाही. गैर आहे ते हे की, ती घट किती, हे तोच एकटा ठरवतो. मूठभर बोंबील उचलायचे, एखादा मोडून पाहायचा, नाक मुरडायचे आणि ‘ओला आहे’ असा निकाल द्यायचा. वलांडीखाली आठवडा घालवलेल्या बाईला त्यावर बोलायला जागा नसते, कारण बोलायचे कशाच्या आधारावर? एका बोटाविरुद्ध दुसरे बोट, आणि पैसा ज्याच्या खिशात त्याचे बोट खरे.

या ठिकाणी ते यंत्र खरोखर उपयोगाचे आहे. कारण प्रकाशाच्या साहाय्याने जी गोष्ट सर्वांत खात्रीने मोजता येते, ती पाणीच होय.

तत्त्व अवघड नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगापलीकडेही किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापी घेऊन दाखवून दिले. पदार्थातील रेणूंचे बंध, पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजनचा, चरबीतील कार्बन-हायड्रोजनचा, प्रथिनांतील नायट्रोजन-हायड्रोजनचा, हे सतत कंप पावत असतात आणि आपापल्या कंपनाशी जुळणारा प्रकाश गिळतात. पाणी ९७०, १४५० आणि १९४० नॅनोमीटर या तरंगलांबींच्या आसपास प्रकाश ठळकपणे शोषते. माशावर अशा प्रकाशाचा झोत टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशात कोठे किती तूट पडली ते पाहायचे, आणि त्या तुटीवरून पाण्याचे प्रमाण काढायचे, एवढेच हे यंत्र करते. अमेरिकेच्या शेतीखात्यातील कार्ल नॉरिस यांनी गेल्या शतकाच्या मध्यास धान्यातील ओलावा मोजण्यासाठी ही पद्धत उपयोगात आणली, आणि तेथून ती गहू, दूध, मांस अशी पसरत गेली. आणखी एक पद्धत आहे, ती विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून रेणू ओळखण्याची. तिचा शोध १९२८ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात, लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत लावला. आज त्या शोधाच्या पायावर बनलेली हातयंत्रे परदेशी कंपन्या आपल्याला भरमसाट किमतीला विकतात.

मात्र या यंत्राला जन्मत: काही येत नाही. त्याला शिकवावे लागते. शास्त्रज्ञ त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. शेकडो बोंबील घ्यायचे, प्रत्येकावर यंत्र टेकवून वर्णपट नोंदवायचा, मग तोच बोंबील भट्टीत पूर्ण वाळवून वजनाच्या फरकावरून त्याचे खरे पाणी काढायचे, आणि या दोन आकड्यांतील नाते गणिताने बसवायचे. नॉर्वेच्या सामन माशावर शिकलेले यंत्र पालीच्या बोंबिलावर टेकवले तर ते आकडा देईल, दशांश चिन्हासह देईल, आणि तो चुकीचा असेल. ऑक्टोबरच्या उन्हात शिकलेले यंत्र मेच्या दमट हवेत चकू शकते. जाड मासा, बारीक मासा, मीठ लावलेला, न लावलेला, प्रत्येकासाठी शिक्षण निराळे. यावरून एक गोष्ट लक्षात यावी: यंत्राचा खरा मेंदू त्याच्या काचेत वा दिव्यात नसून त्या नमुन्यांच्या नोंदींत आहे, आणि त्या नोंदी ज्याच्या मालकीच्या त्याचेच ते यंत्र. शिवाय ताजेपणा शिकवायचा असेल तर मासा ताजा आहे की नाही हे आधी कोणीतरी माणसाने सांगावे लागते. ते सांगणारी माणसे कोण? ज्यांची बोटे आणि नाके पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत ती. कोळी स्त्री कल्ले उघडून पाहते, डोळ्याची चमक पाहते, अंगठ्याने दाबून मांस परत उसळते का ते पाहते. तिचेच ज्ञान यंत्रात भरायचे आणि मग त्या यंत्राच्या जोरावर तिला ‘तुला काय कळते’ असे म्हणायचे, हा प्रकार भांडवलदारी उत्पादनपद्धतीत नवा नाही. मागावरच्या विणकरापासून तो चालत आला आहे.

ओलाव्याबाबत यंत्रावर विसंबता येईल. पण लोकांच्या मनात मासळीच्या तपासणीचा विषय निघाला की ओलावा येत नाही, फॉर्मेलिन येते. आणि येथे मोठी सावधगिरी हवी. जून २०१८ मध्ये केरळ सरकारने ‘ऑपरेशन सागर राणी’ या मोहिमेत सीमेवरील तपासणी नाक्यांवर फॉर्मेलिन मारलेल्या मासळीचे हजारो किलोंचे साठे पकडले. कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली, रंग बदलणारी साधी कागदी पट्टी या मोहिमेत उपयोगी पडली. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने परराज्यातून आलेला माल तपासला. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडल्याचे वृत्त पसरले, पाठोपाठ प्रयोगशाळेच्या अहवालाचा हवाला देऊन प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले, आणि या दोन विधानांच्या मध्ये गोव्याच्या जनतेचा सरकारवरील विश्वास बुडाला. सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस सरसकट बंदी घातली. पुढे परवान्याच्या आणि उष्णतारोधक वाहनांच्या अटी आल्या, तेव्हा त्यांची झळ आपल्या सिंधुदुर्गातील छोट्या पुरवठादारांनाही लागली. ज्या बड्या व्यापाऱ्यांकडे अशी वाहने आधीच होती, त्यांचे काही अडले नाही.

पालीच्या दृष्टीने या प्रकरणातला खरा धोका आणखी वेगळा आहे. काही समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर त्याच्याच अंगातील विकरांमुळे ते फुटते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होते. कोणी बाटली ओतलेली नसते. आणि ज्या माशांत हे नैसर्गिक फॉर्माल्डिहाइड ठळकपणे आढळते, त्यांत आपल्या बोंबिलाचे नाव अग्रभागी आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली हे वास्तव मान्य करून माशांच्या निरनिराळ्या गटांसाठी निरनिराळ्या मर्यादा सुचवल्या. पण ही गोष्ट किती निरीक्षकांना, किती नगरसेवकांना, किती ग्राहकांना ठाऊक आहे? उद्या एखादा उत्साही अधिकारी वा चित्रफीत काढण्यास आसुसलेला एखादा स्वयंघोषित समाजसेवक भाईंदरच्या बाजारात येईल, बोंबिलाच्या वाट्यावर पट्टी टेकवील, पट्टी रंग बदलेल, आणि संध्याकाळपर्यंत ‘कोळणी विष विकतात’ ही बातमी शहरभर होईल. त्या बाईने त्या बोंबिलावर बर्फाखेरीज काही टाकलेले नसेल. हातातल्या वर्णपटयंत्राचे तर सांगायलाच नको: किलोमागे काही मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातले रसायन ओळखणे हे साध्या अवरक्त यंत्राच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. जंतूही त्याला थेट दिसत नाहीत. तरीही विक्रेते ‘सर्व काही सांगणारे यंत्र’ म्हणूनच ते खपवतील, हे गृहीत धरून चालावे.

कायद्याचीही गंमत पाहा. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रमाणे अन्नविश्लेषकाने नमुन्याचा अहवाल चौदा दिवसांत द्यावयाचा असतो. चौदा दिवसांनी बोंबील बोंबील राहिलेला नसतो, विक्री होऊन पचूनही गेलेला असतो. म्हणून जागेवरच्या तपासणीची गरज कोणीही नाकारू नये. आम्हीही नाकारत नाही. तथापि जागेवरचा आकडा हा संशयाचा आधार असू शकतो, शिक्षेचा नव्हे, हा भेद कायद्यात आणि व्यवहारात काटेकोर पाळला गेला पाहिजे. नमुन्याचा एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवून घेण्याचा आणि अहवालाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पाटी घेऊन बसणाऱ्या किती जणींना तो माहीत आहे, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या बाजारात जाऊन विचारावे.

मोजमाप कोठे केले, यावर दोषी कोण ठरते ते अवलंबून असते. मासा समुद्रातून निघाल्यापासून वाट्यावर मांडला जाईपर्यंत त्याचा प्रवास पाहिला तर त्याचे भवितव्य ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे बर्फ. होडीवर बर्फ पुरेसा होता का, धक्क्यावर माल किती तास उन्हात पडला, बाजारात शीतपेटी आहे का, पाणी खारे की गोडे, स्वच्छ की गटाराचे, या साऱ्याची बेरीज त्या माशात उतरते. साखळीच्या शेवटच्या टोकाशी, म्हणजे कोळणीच्या पाटीवर, यंत्र टेकवले की आधीच्या सर्वांचे पाप तिच्या नावे जमा होते. धक्क्यावर बर्फाचा कारखाना न देणारे सरकार सुटते, बाजारात नळ आणि निचरा न देणारी महापालिका सुटते. तेच यंत्र होडी लागताना, धक्क्यावर, गाडीत भरताना आणि बाजारात असे चार ठिकाणी टेकवले, तर कोणत्या टप्प्यावर मासा बिघडला ते कागदावर येईल. पहिल्या पद्धतीत यंत्र पोलिसाची काठी होते, दुसऱ्या पद्धतीत ते धक्क्यावरच्या बर्फाची आणि बाजारातल्या नळाची मागणी करणारा पुरावा होते.

मांसाचेही असेच आहे. जनावर कापल्यानंतर त्याच्या स्नायूंतील साखर आम्लात बदलते आणि मांसाचा सामू साताच्या आसपासून साडेपाचाच्या जवळ उतरतो. तसा उतरला की मांस टिकाऊ, लालसर आणि चवदार होते. पण जे जनावर ट्रकमध्ये दाटीवाटीने, पाण्याविना, दिवसरात्र उभे राहून आले, त्याच्या स्नायूंतील साखर आधीच संपलेली असते. त्याचे मांस काळपट, चिकट आणि लवकर खराब होणारे निघते. प्रकाशयंत्र हा काळपटपणा आणि पाणी धरून ठेवण्याची शक्ती चटकन ओळखू शकते. म्हणजे खाटकाच्या ओट्यावर दिसणारा तो आकडा वास्तविक वाहतुकीच्या क्रौर्याची नोंद असतो. देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. तिथे पशुवैद्यकांची तपासणी आणि शिक्का यांची व्यवस्था आहे. मीरा-भाईंदरसारख्या, काही दशकांत लाखोंच्या झालेल्या शहरात मटण-कोंबडी कोठून येते, कशी येते, कोण तपासते, या प्रश्नांवर महापालिकेच्या सभागृहात किती तास चर्चा झाली असेल? याच महापालिकेने सप्टेंबर २०१५ मध्ये पर्युषणकाळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता, तेव्हा मात्र देशभर चर्चा झाली. मांस विकावे की नाही यावर रणे माजतात; ते स्वच्छ, ताजे आणि रास्त भावात कसे मिळेल, हा गरीब ग्राहकाचा प्रश्न कोणाच्याच निशाणावर लिहिलेला नसतो.

आपल्या पंथाच्या वाचकांना अप्टन सिंक्लेअरची आठवण करून देण्याची गरज नाही, तरी एक तपशील सांगण्यासारखा आहे. शिकागोच्या मांसकारखान्यांवरील त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०५ साली प्रथम प्रसिद्ध झाली ती ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकातून. त्याला दाखवायचे होते स्थलांतरित मजुरांचे हाल: चिरलेली बोटे, गोठलेले हात, बुडालेली मजुरी. वाचकांनी लक्षात ठेवला तो सडका माल. १९०६ साली अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला, ग्राहकाच्या पोटाची काळजी घेतली गेली, आणि मजुराची बोटे चिरतच राहिली. आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, लागला तो पोटावर, अशा अर्थाची खंत त्याने पुढे व्यक्त केली. गुणवत्तेच्या तपासणीची सारी चळवळ तेव्हापासून या एका व्यंगाने ग्रासलेली आहे. यंत्र मांसातील चरबी सांगते. ते कापणाऱ्याच्या पाठीचे दुखणे सांगत नाही.

१९९७ साली युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळी उत्पादनांची आयात रोखली, तेव्हाही हेच घडले. निर्यातदारांनी कारखाने सुधारले, फरश्या आल्या, हातमोजे आले, नोंदवह्या आल्या. चांगलेच झाले. पण कोळंबी सोलणाऱ्या, बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात घालून नगावर मजुरी मिळवणाऱ्या मुलींच्या हातांचे काय झाले, हे तपासण्यासाठी ब्रुसेल्सहून कोणी आले नव्हते. आणि आपले सरकारही गेले नाही.

मोजमापाच्या राजकारणाची ओळख महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नव्याने करून द्यावी लागत नाही. उसाचा भाव उताऱ्यावर ठरतो आणि उतारा कारखानाच मोजतो. वजनकाटाही कारखान्याच्याच दारात. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तिचा हेतू उत्तम होता, पण प्रतवारी करणाऱ्याच्या एका शब्दाने चांगल्या कापसाचा हलका कापूस होई, आणि त्या शब्दाभोवती काय काय व्यवहार चालत ते विदर्भातील कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजणाऱ्या यंत्राविषयीच्या तक्रारी तर आजही थांबलेल्या नाहीत. यंत्र आले म्हणून अन्याय संपला असे कोठेच झाले नाही. अन्यायाला दशांश चिन्ह लाभले एवढेच.

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती अधिक शिकवणारी आहेत. १८९० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत शोधली. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. ती सर्वांसाठी खुली केली. गावातला कोणीही शेतकरी आपले दूध स्वत: तपासू शकला, आणि पाणी घालणारा व न घालणारा यांना एकच भाव देण्याची डेअरीची सोय संपली. डेन्मार्कमध्ये १८८७ साली हॉर्सेन्स येथे डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वत:चा सहकारी कत्तलखाना काढला. पुढे तिकडे मांसातील चरबीचा थर प्रकाशाने मोजणारी सळई आली, तेव्हा ती ज्या कत्तलखान्यात वापरली गेली त्याचे मालक मोठ्या प्रमाणावर शेतकरीच होते. त्यामुळे मोजमापातून निघालेला फायदा त्यांच्याच घरी परतला. तेथेही आज सहकारी संस्था प्रचंड कंपन्यांसारख्या वागू लागल्या आहेत. पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

तेव्हा पालीत काय करता येईल? आमच्या मते आरंभ सुक्या बोंबिलाच्या ओलाव्यापासून करावा, कारण तेथे विज्ञान पक्के आहे आणि लूट रोजची आहे. यंत्र मच्छीमार सहकारी संस्थेच्या मालकीचे असावे, आणि ते चालवण्याचे शिक्षण वलांडीवर काम करणाऱ्या स्त्रियांना मिळावे. पुरुष पदाधिकाऱ्यांच्या कपाटात ते कुलूपबंद राहणार असेल तर न आणलेले बरे. त्याला शिकवण्याचे काम सार्वजनिक संस्थांनी करावे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, वाशीला कोचीच्या मत्स्यतंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थांपासून उत्तनचा किनारा काही तासांच्या अंतरावर आहे. बोंबिलाच्या नोंदी, वर्णपट आणि गणित हे सारे खुले ठेवावे, बॅबकॉकने ठेवले तसे, म्हणजे सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा येथील संस्थांना ते फुकट वापरता येईल आणि उद्या एखाद्या कंपनीला आमच्याच बोंबिलाचे आकडे आम्हाला विकता येणार नाहीत.

दुसरी मागणी राज्य सरकारकडे. ज्या यंत्राच्या आकड्यावर भाव ठरतो ते यंत्र म्हणजे तराजूच होय. तराजू-वजनावर वैधमापन अधिनियम, २००९ खाली शिक्का मारावा लागतो, ठरावीक मुदतीने तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. मग व्यापाऱ्याने खिशातून काढलेल्या ओलावामापकाला मोकळीक का? मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात वा कोठेही, शिक्का नसलेल्या यंत्राच्या आकड्यावर घट कापण्यास मनाई असावी, आणि विकणाऱ्यास आपल्या संस्थेच्या यंत्रावर फेरमोजणी मागण्याचा हक्क असावा. बोंबिलातील नैसर्गिक फॉर्माल्डिहाइडची माहिती मराठीत छापून प्रत्येक मासळी बाजारात लावणे, हे काम तर महापालिका उद्याच्या उद्या करू शकते. त्यास ना यंत्र लागते ना निधी.

काही साथी म्हणतील की, घर चालवण्याची भ्रांत असलेल्या कोळीवाड्यात, किनाऱ्यावर कचरा आणि समुद्रात तेल असताना, प्रकाशयंत्राची चर्चा ही चैन आहे. हा आक्षेप हलका नाही. पापलेट कमी झाले, पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीने समुद्र खरवडला जातो आहे, धक्क्याचे आणि बर्फाचे प्रश्न वर्षानुवर्षे पडून आहेत. पण समुद्रात मासळी कमी होत असेल, तर हाती आलेल्या प्रत्येक किलोचा पुरता भाव मिळणे अधिकच निकडीचे ठरते. शिवाय यंत्र आपण आणले नाही म्हणून ते येणार नाही, असे नाही. ते व्यापाऱ्याच्या खिशातून येईल, आणि तेव्हा ‘ओला आहे’ या शब्दाच्या जागी ‘बावीस पूर्णांक चार’ असे ऐकावे लागेल.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि संस्थांच्या सभांना माणसे मिळण्याचे तेच दिवस. उत्तन-पाली-चौक येथील साथींनी या बंदीकाळात संस्थेच्या सभेत वलांडीवरच्या भगिनींना मुद्दाम बोलवावे, व्यापारी घट कशी कापतो याच्या मागील हंगामातील पट्ट्या त्यांच्याकडून जमा कराव्यात, आणि वर्सोव्याच्या संस्थेकडे नमुने तपासून देण्याची लेखी मागणी धाडावी. पावसाळा सरून बोंबील वलांडीवर चढू लागेल तेव्हा पहिले शंभर नमुने घेण्यासाठी भट्टी, तराजू आणि वही तयार असली पाहिजे.